बाईंना विचारा : ‘तर’च्या अलीकडे, ‘तर’च्या पलीकडे

“बाई, मोडल म्हणजे काय मोडलं?”

आठवीच्या मागच्या बाकावरून येणारा हा प्रश्न ३१ वर्षांच्या नोकरीत मी निदान पाच-सहा वेळा ऐकला. दर वेळी वेगळं पोरगं, आणि दर वेळी जणू त्यालाच पहिल्यांदा सुचलाय असा चेहरा. ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘विल’, ‘वुड’, ‘मस्ट’ ही ती मोडल मंडळी, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाला शक्यता, परवानगी, बंधन अशी छटा देणारी मदतनीस क्रियापदं. हीच पोरं पाचवीपासून रोज दारात उभी राहून ‘मे आय कमीन बाई’ म्हणायची. म्हणजे मोडल तोंडात बसलेलं होतं, नुसती ओळख करून दिली नव्हती कुणी.

दोन अंकांपूर्वी मी ‘इफ’वर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना पुरं पडणं होणार नाही. काही निवडते. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गाव तेवढं छापते.

“बाई, मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. इंग्रजी वाचता येतं, लिहिताना अडखळतो. निर्यातीच्या मालाबद्दल तिकडच्या व्यापाऱ्याला मेल करावा लागतो. अवकाळीच्या दिवसांत मी लिहिलं, ‘इफ इट रेन्ड टुमॉरो, वी विल स्टॉप हार्वेस्टिंग. इफ इट वुड नॉट हॅव रेन्ड लास्ट वीक, द ग्रेप्स वुड हॅव लेफ्ट ऑलरेडी.’ मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, पप्पा, दोन्ही वाक्यं चुकली. नियम तिला पाठ आहेत, पण का चुकलं ते सांगता येत नाही. दुसरं असं की करारात एकाच पानावर ‘शॅल’ आणि ‘मे’ आहेत. दोन्हींचं मराठी मी ‘करेल’ असंच धरलं. चालेल का?”

पप्पा, मुलगी बरोबर आहे. पण तुम्ही चुकलात ते इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, मराठी चांगली येते म्हणून.

तुमच्या मनातलं वाक्य बघा : ‘उद्या पाऊस आला तर तोडणी थांबवू.’ पाऊस अजून यायचाय, तरी आपण म्हणतो ‘आला’. मराठीची ही रीतच आहे. ‘तर’च्या अलीकडची गोष्ट आपण झाली असं धरून बोलतो : आला तर, गेला तर, मिळालं तर. तुम्ही तो ‘आला’ जसाच्या तसा उचललात आणि ‘रेन्ड’ लिहिलंत. इंग्रजीत उद्याच्या खऱ्याखुऱ्या शक्यतेला ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळ लागतो : ‘इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल स्टॉप हार्वेस्टिंग.’ भविष्यकाळ फक्त ‘तर’च्या पलीकडे.

‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ हे व्याकरणात अगदीच बसत नाही असं नाही. मात्र पलीकडे मग ‘वुड’ हवं, आणि अर्थ फिरतो. ‘यायचा नाही म्हणा, पण समजा आलाच’ असा सूर लागतो. म्हणजे तुम्ही इकडे आभाळाकडे बघत क्रेट झाकताय आणि तिकडचा माणूस निवांत, की शेतकरीच म्हणतोय पाऊस काही येत नाही. माझ्या भावाची बाग तुमच्याच पट्ट्यात आहे. काढणीला आलेल्या घडांवर ढग जमले की त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मणी तडकले की निर्यात संपली. तेव्हा या वाक्यात एवढी गंमत परवडायची नाही.

आता दुसरं वाक्य. ‘गेल्या आठवड्यात पाऊस आला नसता तर माल एव्हाना गेला असता.’ इथे आपण ‘तर’च्या दोन्ही बाजूंना एकच नाणं वापरतो : अलीकडे ‘नसता’, पलीकडे ‘असता’. शाळेतल्या मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणत, आठवतंय का? आपल्या कानाला ही जोडी इतकी बसलेली असते, की इंग्रजीतही आपण दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ठोकतो. इंग्रजीत ‘वुड’ची जागा पलीकडे. अलीकडे ‘हॅड’ : ‘इफ इट हॅड नॉट रेन्ड लास्ट वीक, द ग्रेप्स वुड हॅव लेफ्ट ऑलरेडी.’ इंग्रज-अमेरिकन माणसंही बोलण्याच्या भरात दोन्हीकडे ‘वुड’ घालतात, पण कागदावर ती चूकच धरली जाते.

अपवाद एकच सांगते, कारण कुणीतरी पत्रातून विचारणारच. ‘इफ यू विल साइन हिअर’ किंवा ‘इफ यू वुड वेट अ मिनिट’ ही वाक्यं बरोबर आहेत. तिथे ‘विल’ भविष्याचं नाही, मर्जीचं आहे : ‘जरा सही करता का’. ‘विल’चा मूळ अर्थच मुळी ‘इच्छा असणं’. मृत्युपत्राला ‘विल’ म्हणतात ते त्याच घराण्यातलं.

तुमच्या मुलीला कठीण जाईल अशी खरी गाठ पुढे आहे. तिला हे वाक्य घाला : ‘माझं स्वतःचं कोल्ड स्टोरेज असतं तर मी घाई केली नसती.’ हे आजबद्दल आहे की मागच्या हंगामाबद्दल? मराठीला त्याची फिकीर नाही, ऐकणारा प्रसंगावरून समजून घेतो. इंग्रजी मात्र दारातच अडवते आणि विचारते, आज की तेव्हा? आज असेल तर ‘इफ आय हॅड माय ओन कोल्ड स्टोरेज, आय वुड नॉट हरी.’ तेव्हाचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड माय ओन कोल्ड स्टोरेज, आय वुड नॉट हॅव हरीड.’ तो ‘हॅड हॅड’ छपाईचा दोष नाही. वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं की पोरं कुत्रं हाकलल्यासारखं ‘हाड हाड’ करायची. मीही करू द्यायचे. त्या निमित्तानं लक्षात तरी राहायचं.

नसलेली गोष्ट दाखवायला क्रियापदाचं रूप बदलायचं, ही इंग्रजांची मक्तेदारी नाही. ‘तो घरी असतो’ म्हणजे रोजचं, खरं. ‘तो घरी असता तर’ म्हणजे तो नाही. एक मात्रा उडाली आणि माणूस घरातून नाहीसा. इंग्रजीत हेच काम भूतकाळाचं रूप करतं, आणि ‘इफ आय वेअर यू’ मधला ‘वेअर’ हा त्या जुन्या व्यवस्थेचा उरलासुरला अवशेष. ‘मी तुमच्या जागी असते तर’ म्हणताना मी तुमच्या जागी नाहीच, हे ‘वॉज’ऐवजी आलेला ‘वेअर’ सांगतो.

आता करार. ‘शॅल’ आणि ‘मे’ दोन्हींना ‘करेल’ म्हणालात तर पैशानं मार खाल. तुम्ही पाठवलेल्या ओळी बघितल्या : ‘द सप्लायर शॅल डिलिव्हर’, ‘द सप्लायर शॅल सबमिट’, आणि खाली ‘द बायर मे रिजेक्ट’. लक्षात आलं ना, ‘शॅल’ सगळे तुमच्या वाट्याला आणि ‘मे’ त्याच्या. ‘शॅल’ म्हणजे बंधन, करावंच लागेल. ‘मे’ म्हणजे मुभा, वाटलं तर करेल. ‘शॅल’च्या मुळाशी जुन्या इंग्रजीत ‘देणं असणं’ असा अर्थ होता, आणि ‘करायला हवं’ सांगणारा ‘ऑट’ तर ‘ओ’ या देणं-वाचक क्रियापदाचंच जुनं भूतकाळी रूप. आपण तरी काय वेगळं करतो? ‘मी त्याचं शंभर रुपये देणं लागतो’ आणि ‘मला जावं लागतं’, दोन्हीकडे ‘लागणं’ एकच. कर्ज आणि कर्तव्य दोन्ही भाषांनी एकाच खुंटीला टांगलंय.

आपल्या संविधानातही हाच ‘शॅल’ आहे. अनुच्छेद १४ मध्ये राज्य समानता ‘शॅल नॉट डिनाय’, आणि त्याच्या मराठी पाठात ‘नाकारणार नाही’. तिथे ‘नाकारणार नाही’ हे नुसतं भविष्य नाही, राज्याच्या हाताला बांधलेली दोरी आहे. तुम्ही कराराचं मराठी करून ठेवाल तर ‘शॅल’ला ‘बंधनकारक राहील’ आणि ‘मे’ला ‘मुभा राहील’ असं लिहा. आणि हो, संदर्भ पाहून न्यायालयांनी कधी कधी ‘मे’चाही अर्थ बंधनाचा लावलेला आहे. म्हणून व्याकरण माझ्याकडून घ्या, करार वकिलाला दाखवा.

“मी मूळची लातूरची, पुण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. परदेशात नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देतेय. ‘मे हॅव’, ‘मस्ट हॅव’, ‘कुड हॅव’, ‘शुड हॅव’ यांत माझा गोंधळ होतो. ड्यूटी बदलताना लिहायच्या नोंदीत मी एकदा ‘द पेशंट शुड हॅव टेकन द टॅब्लेट’ लिहिलं आणि सिस्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, मग घेतली का नाही? मला म्हणायचं होतं, बहुतेक घेतली असेल.”

सिस्टरांचं बरोबर होतं, सगळ्यांसमोर विचारायला नको होतं एवढंच.

तू आधी मराठीत पक्कं ठरव, नेमकं काय म्हणायचंय. आपल्याकडे या सगळ्याला वेगवेगळी, लखलखीत रूपं आहेत. ‘गोळी घेतली असेल’ म्हणजे माहीत नाही, शक्यता आहे : ‘मे हॅव टेकन’ किंवा ‘माइट हॅव टेकन’. ‘गोळी घेतलीच असणार’ म्हणजे पाहिलं नाही, पण पाकीट रिकामं आहे, पाण्याचा पेला अर्धा आहे, त्यावरून काढलेला अंदाज : ‘मस्ट हॅव टेकन’. ‘गोळी घ्यायला हवी होती’ म्हणजे घेतली नाही आणि कुणाचं तरी चुकलं : ‘शुड हॅव टेकन’. तुझ्या वाक्यानं नकळत पेशंटवर नाहीतर आधीच्या पाळीच्या नर्सवर ठपका ठेवला. ‘गोळी घ्यायची गरज नव्हती, तरी घेतली’ हे ‘नीड नॉट हॅव टेकन’.

राहिला ‘कुड हॅव’, तो दुतोंडी आहे. ‘घेऊ शकला असता, पण घेतली नाही’ हा एक अर्थ आणि ‘घेतलीही असेल’ हा दुसरा. बोलताना सूर सांभाळून घेतो, पण कागदाला सूर नसतो. रुग्णाच्या नोंदीत ‘कुड हॅव’ लिहूच नकोस, ‘मे हॅव’ लिही. आणि खरं सांगू? गोळीच्या बाबतीत यांतलं काहीच लिहायची वेळ येऊ नये. घेतली तर ‘टुक’, नाही घेतली तर ‘डिड नॉट टेक’. पण ती तुझी विद्या, माझी नाही.

तुझ्या पत्रात शेवटी ओझरता एक प्रश्न होता, ‘मस्ट नॉट’ आणि ‘डझन्ट हॅव टू’ एकच का? अजिबात नाही, आणि हे मी पुस्तकातून शिकले नाही.

काही वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया होती. आदल्या रात्री तिथल्या एका मुलीनं जाता जाता मला सांगितलं, “आजींना सकाळी काही द्यायला नको.” मी ऐकलं ते असं, की काही द्यायची गरज नाही, सलाइन आहेच. पहाटे साडेपाचला सासूबाई म्हणाल्या, घसा सुकलाय गं. मी थर्मासमधला अर्धा कप चहा दिला आणि त्यात बुडवून एक बिस्कीट. साडेसातला भूलतज्ज्ञ आले. त्यांनी विचारलं, काही खाल्लं-प्यायलं का? सासूबाईंनी खरं सांगितलं, कौतुकानं सांगितलं, की सुनेनं चहा दिला. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीवर गेली. मी इंग्रजीची शिक्षिका, आणि मराठीतल्या ‘नको’त अडकले.

बघ ना, ‘द्यायला नको’ यात ‘गरज नाही’ही बसतं आणि ‘देऊ नका’ही बसतं. इंग्रजीत हे दोन डबे वेगळे आहेत. ‘शी मस्ट नॉट ईट’ म्हणजे मनाई. ‘शी डझन्ट हॅव टू ईट’ म्हणजे खाल्लं तरी चालेल, नाही खाल्लं तरी चालेल. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ जुळे भाऊ, नकारात मात्र एकमेकांचं तोंड बघत नाहीत. परीक्षेत यावर प्रश्न येवो न येवो, तू तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी कामाला येईल. मराठीत बोलतानासुद्धा आता ‘अजिबात देऊ नका’ असंच म्हणत जा. आमच्यासारख्या सुनांवर उपकार होतील.

“मी आटपाडीची, दहावीत आहे. ‘इफ’ काढून ‘अनलेस’ वापरा, यात माझा एक गुण गेला. वाक्य होतं : ‘इफ यू डू नॉट हरी, यू विल मिस द बस.’ मी लिहिलं : ‘अनलेस यू डू नॉट हरी, यू विल मिस द बस.’ सगळं तर बरोबर आहे ना बाई?”

नाही ग बाई. ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. तू वरून आणखी एक ‘नॉट’ घातलास, म्हणजे ‘घाई केलीस तर बस चुकेल’ असं झालं. उत्तर : ‘अनलेस यू हरी, यू विल मिस द बस.’

हे पाठ करू नकोस, मराठीतून जा. आपल्याकडे ‘नाही’ गिळून बसलेला एक शब्द आहे, ‘शिवाय’. ‘घाई केल्याशिवाय बस मिळायची नाही’ असं म्हणतो आपण, ‘घाई न केल्याशिवाय’ म्हणत नाही. ‘अनलेस’ दिसलं की मनात ‘केल्याशिवाय’ म्हण, हात आपोआप ‘नॉट’वरून उठेल.

‘अन्टिल’चंही तेच, आणि ती चूक तर पदवीधरही करतात. ‘जोपर्यंत दादा येत नाही तोपर्यंत थांब’ याचं ‘वेट अन्टिल दादा डझ नॉट कम’ होतं, कारण मराठी वाक्यात ‘नाही’ आहे. त्याऐवजी आधी मराठीतच वाक्य वळव : ‘दादा येईपर्यंत थांब.’ गेला ‘नाही’. ‘वेट अन्टिल दादा कम्स.’

आणि ‘इफ नॉट’च्या जागी प्रत्येक वेळी ‘अनलेस’ चालतं असं समजू नकोस. ‘तो आला नाही तर मला बरं वाटेल’ हे ‘अनलेस’नं होत नाही. पण दहावीला ते विचारत नाहीत, तेव्हा सध्या सोड. ‘हॅड’नं सुरुवात करा, असाही एक प्रश्न येतो. त्यात ‘इफ’ काढायचा आणि ‘हॅड’ पुढे आणायचा, ‘हॅड आय नोन’, एवढंच. आपण नाही का ‘जर’ गाळून नुसतं ‘माहीत असतं तर’ म्हणत?

“वय ७८, कोल्हापूर. नात टोरांटोत वाढतेय, तिला मराठी वाचता येत नाही. तिच्यासाठी माझ्या वडिलांच्या आठवणी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहितेय. प्रत्येक वाक्यात ‘युज्ड टू’ येतंय, वाचायला कंटाळवाणं होतं. दुसरं काही आहे का?”

आहे, आणि ते तुमच्या पिढीला आमच्यापेक्षा सहज कळेल. तुमच्या पत्रातलं वाक्य मला फार आवडलं : ‘दादा पहाटे उठत, मोट जुंपत, आणि बैलांशी बोलत बोलत गाणं म्हणत. मग आई न्याहारी घेऊन येई.’ हे ‘उठत’, ‘जुंपत’, ‘येई’ म्हणजे रीतिभूतकाळ. हल्लीच्या बोलण्यातून ‘येई’, ‘जाई’, ‘करी’ जवळपास गेलेच, सगळे ‘यायची’, ‘जायची’ म्हणतात. इंग्रजीत या ‘येई’चं नेमकं जुळं आहे ‘वुड’. ‘ही वुड गेट अप बिफोर डॉन, योक द बुलक्स अँड सिंग टू देम. देन मदर वुड कम विथ ब्रेकफास्ट.’ पहिलं वाक्य ‘युज्ड टू’नं सुरू करा, म्हणजे काळ ठरतो. पुढची सगळी ‘वुड’नं जाऊ द्या.

सांभाळायचं एवढंच, की ‘वुड’ पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतीला चालतं, नुसत्या असण्याला नाही. ‘विहिरीजवळ चिंचेचं झाड होतं’ याला ‘देअर युज्ड टू बी अ टॅमरिंड ट्री’ म्हणा, ‘वुड बी’ नको. मोट म्हणजे काय, ते मात्र नातीला चित्र काढूनच दाखवावं लागेल. मोडल तिथे काही कामाचं नाही.

“लग्न ठरलंय. ऑफिसात सगळ्यांना ‘माय वुडबी’ म्हणून ओळख करून दिली. आमचे परदेशी साहेब हसले. का हसले? (वाचक, ठाणे)”

अभिनंदन. इंग्रजीत ‘वुड-बी’ म्हणजे व्हायची इच्छा आहे, पण झालेलं नाही, आणि बरेचदा होण्याची चिन्हंही नाहीत. ‘वुड-बी पोएट’ म्हणजे स्वतःला कवी समजणारा. ‘वुड-बी थीफ’ म्हणजे चोरीला निघाला आणि कुंपणावरच सापडला. तुमचे साहेब ‘वुडबी’पुढे कुठला शब्द येतो याची वाट बघत असतील. आपल्याकडे हा शब्द इतका रुळलाय की चूक म्हणायला जीभ रेटत नाही, पण साहेबांपुढे ‘फियान्से’ म्हणा. पत्रिका त्यांना देताना मात्र ‘यू मस्ट कम’ म्हणायला कचरू नका. तिथे ‘मस्ट’ हुकमाचा नाही, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ मधल्या ‘यायचं हं’चा आहे. तोच ‘मस्ट’ मेलमध्ये ‘यू मस्ट सेंड द फाइल’ असा आला, की तेच साहेब हसणार नाहीत.

“आम्हाला शाळेत ‘आय शॅल, यू विल’ घोटून घेतलं. हल्ली सगळे ‘आय विल’ म्हणतात. शुद्ध काय? शिवाय ‘कुड’मध्ये ‘एल’ कशाला, उच्चारात तर नाही? (वाचक, सदाशिव पेठ, पुणे)”

काका, तुमचा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या इंग्रजी व्याकरणात आहे. ते व्याकरण लिहिलंय लॅटिनमध्ये, आणि लिहिणारा होता गणिती, अनंताचं आडवं आठासारखं चिन्ह वापरात आणणारा तोच. नियम सुबक होता, पण लोकांच्या जिभेनं तो पूर्णपणे कधी मानला असं दिसत नाही. आज ‘आय विल’ शुद्धच आहे. ‘शॅल’ प्रश्नात मात्र हवा : ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘जाऊ या का?’ तिथे ‘विल’ घातलंत तर ‘आपण जाणार आहोत का?’ असं होईल.

‘कुड’मधला ‘एल’ हा घुसखोर. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांना तो वंशपरंपरेनं आला, कारण ‘विल’ आणि ‘शॅल’मध्ये ‘एल’ आहे. ‘कॅन’मध्ये कुठे आहे? शेजाऱ्यांचं बघून यानंही लावून घेतला.

आणि शेवटी माझी चूक. इचलकरंजीच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी मागचा अंक लाल शाईनं तपासून पाठवला आहे. मी उदाहरण दिलं होतं : ‘आय रॅन फास्ट अँड कुड कॅच द लास्ट ट्रेन.’ मराठी डोक्यात होतं : ‘पळत गेले आणि शेवटची गाडी पकडू शकले.’ त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ‘कुड’ अंगात असलेल्या क्षमतेला : ‘लहानपणी मी खूप पळू शकायचे’, ‘आय कुड रन फास्ट’. एका प्रसंगी एकदाच जमलं, तर ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. मराठीतला ‘शकायचे’ आणि ‘शकले’ यांच्यातला फरक धरला असता तर मी चुकले नसते. नाही जमलं, तर मात्र ‘कुड नॉट’ खुशाल वापरा, आणि ‘कुड सी’, ‘कुड हिअर’ यांनाही माफी आहे.

तेव्हा मागच्या अंकाच्या पान ४१ वर दुरुस्ती करून घ्यावी : ‘आय रॅन फास्ट अँड मॅनेज्ड टू कॅच द लास्ट ट्रेन.’ प्रसंग खरा होता, सांगली स्टेशनावरचा. गाडी मिळाली होती, चप्पल राहिली होती.